आईची वही आणि भावाची सही

प्रश्न : वकीलताई, सप्रेम नमस्कार.

माझी आई जाऊन दीड वर्ष होत आलं. ती ६४ वर्षांची होती. पित्ताशयात खडे झाले होते, मधूनमधून कळ यायची, म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं. हॉस्पिटल खाजगी, डॉक्टर ओळखीतले. "दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी," असं त्यांनी सांगितलं होतं. आई स्वतःच्या पायांनी चालत आत गेली. जाताना मला म्हणाली, "मशीनला तेल घालून ठेव, आल्यावर कापड बेतायचंय."

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून तिचं पोट फुगायला लागलं. रात्री भाऊ तिच्यासोबत होता, पण त्याला वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. ड्युटीवरच्या सिस्टरने "गॅस आहे, ऑपरेशननंतर होतोच" असं म्हणून इंजेक्शन दिलं. डॉक्टर सकाळी आले. दुपारी मोठ्या हॉस्पिटलला हलवायला सांगितलं. तिथे सोनोग्राफी, सीटी स्कॅन झालं. पोटात पित्त साठलंय, जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय, असं कळलं. व्हेंटिलेटरवर ठेवलं, पण तिसऱ्या दिवशी ती गेली. तिथले एक डॉक्टर भावाला बाजूला घेऊन म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." त्या क्षणी पोस्टमॉर्टेम वगैरे कुणाला सुचलं नाही. सुचलं असतं तरी आम्ही ते करू दिलं नसतं.

आई शिवणकाम करायची. तिची मापांची एक जाड वही होती. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची मापं, मध्येच माझ्या शाळेच्या फ्रॉकची. ब्लडप्रेशर सुरू झाल्यावर तिने तीच वही उलटी करून मागच्या पानांवर रोज सकाळ-संध्याकाळ बीपी, गोळ्या, त्रास लिहायला सुरुवात केली. ती वही ती हॉस्पिटलमध्येही घेऊन गेली होती. पिशवीत ती मला नंतर सापडली. त्या रात्रीच्या नोंदी अशा आहेत : "रात्री ११. पोट फुगलंय, दगडासारखं. सिस्टरला सांगितलं. गॅस म्हणाली." "३ वाजता. उजवा खांदा फार दुखतो. लघवी नाही." "५. मोठ्या डॉक्टरांना फोन करा म्हटलं. सकाळी येतील म्हणाली." पुढे पान कोरं.

मला केस करायची आहे. भाऊ म्हणतो, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, गेलेलं माणूस परत येतं का? बाबा आधीच गेलेत, आता आम्ही दोघंच. तो हा विषय काढला की उठून जातो. ऑपरेशनआधीच्या फॉर्मवर सही त्याची आहे, "आपणच लिहून दिलंय, आता काय बोलणार" असं एकदा म्हणाला. एका नातेवाईक बाई तर तोंडावर म्हणाल्या, "आता आईचेही पैसे करणार का?" दुसरीकडे मावसभाऊ म्हणतो, चार पोरं घेऊन जाऊ आणि जाब विचारू.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पोस्टमॉर्टेम नसताना, फॉर्मवर सही असताना केस उभी राहते का? नुकसानभरपाई मागणं हा हावरटपणा आहे का? आणि ही गोष्ट कदाचित तुमच्या कामाची नसेल, पण मला आई आठवायला गेलं की फक्त तिचे शेवटचे दिवस आठवतात. केस केली तर हे वाढेल का?

(नाव, गाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या एका आकड्यापासून सुरुवात करते, कारण तो थांबत नाही. दीड वर्ष होत आलं, असं तुम्ही लिहिलंत. पैसे घेऊन केलेल्या उपचारांबद्दलची तक्रार ग्राहक आयोगात करता येते, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ६९ नुसार ती दोन वर्षांत दाखल करावी लागते. उशिराचं सबळ कारण दिलं तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. तुमच्या हातात काही महिनेच आहेत. मन तयार व्हायला वेळ लागेल तेवढा लागू द्या, कागद मात्र या आठवड्यात मागा.

दोन्ही हॉस्पिटलांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, किंवा रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवायच्या असतात. त्यामुळे "जुनं रेकॉर्ड नाही" हे उत्तर तुमच्या बाबतीत अजून चालणार नाही. नुसतं डिस्चार्ज कार्ड किंवा डेथ समरी घेऊन परत येऊ नका. ती एक-दोन पानं नंतर, निवांत बसून लिहिलेली असतात. तुम्हाला पूर्ण इनडोअर केस पेपर हवेत : ऑपरेशनची टिपणी, भूल देणाऱ्या डॉक्टरांची नोंद, संमतीपत्र, औषधांचा तक्ता, नाडी-ताप-रक्तदाबाचा तक्ता, किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली त्याचा तक्ता, सिस्टरांच्या प्रत्येक पाळीच्या नोंदी, डॉक्टरांच्या राउंडच्या नोंदी आणि दुसऱ्या हॉस्पिटलला दिलेली चिठ्ठी.

एक कागद मी स्वतः सगळ्यांत आधी वाचते, तो म्हणजे दुसऱ्या हॉस्पिटलची दाखल करतानाची नोंद. पहिल्या हॉस्पिटलशी देणंघेणं नसलेल्या माणसाने, काही वादावादी सुरू होण्याआधी, समोर दिसलं ते लिहिलेलं असतं. रुग्ण आणला तेव्हा नाडी किती, बीपी किती, श्वास किती, पोट कसं. हे आकडे पहिल्या हॉस्पिटलच्या पहाटेच्या आकड्यांशेजारी ठेवायचे. पहाटे सगळं "समाधानकारक" आणि दुपारी रुग्ण शॉकमध्ये, असं चित्र दिसलं तर मधल्या तासांत काय झालं, याचं उत्तर हॉस्पिटलला द्यावं लागतं. त्या डॉक्टरांनी भावाला कानात सांगितलेलं वाक्य आयोगापुढे टिकणार नाही, ते पुन्हा म्हणतीलच असं नाही. पण त्यांच्याच हॉस्पिटलने लिहिलेली वेळ आणि आकडे टिकतील.

आता आईच्या वहीविषयी. पत्रातल्या त्या तीन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. उजवा खांदा दुखतो, असं त्यांनी लिहिलंय. पोटात पित्त किंवा रक्त साठून छाती आणि पोट यांच्यामधला पडदा चिडला की दुखणं खांद्यात उमटतं, हे शस्त्रक्रियेच्या विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात भरलेल्या वायूमुळेही खांदा दुखतो, आणि समोरचे वकील हेच म्हणणार. पण खांदा, दगडासारखं पोट आणि बंद झालेली लघवी या तिन्ही गोष्टी एकाच रात्री, एकाच बाईला होतात, तेव्हा निदान कुणीतरी येऊन पोटाला हात लावून बघायला हवं होतं. तुमच्या आईंना वैद्यकीय शिक्षण नव्हतं, तरी नेमकं काय लिहून ठेवायचं ते त्यांना कळलं होतं. वर्षानुवर्षं मापं घेणाऱ्या बाईची नजर आहे ती.

ही वही पुरावा आहे. मृत व्यक्तीने आपल्या मृत्यूला कारण ठरलेल्या परिस्थितीबद्दल केलेलं लेखी किंवा तोंडी कथन भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम २६ प्रमाणे ग्राह्य धरता येतं. पूर्वीच्या कायद्यात हेच कलम ३२ होतं. ग्राहक आयोग तर पुराव्याच्या कायद्याच्या काटेकोर चौकटीत अडकूनही पडत नाही. मूळ वही कुणाच्या हाती सोपवू नका, वकिलाच्यासुद्धा नाही. आयोगाने मागितली तरच ती दाखवायची. प्रत्येक पानाचं स्कॅन करा, आणि नुसत्या त्या रात्रीच्या पानाचं करू नका. मागची सगळी बीपीची पानं, पुढची मापांचीही. हस्ताक्षर तेच आहे हे त्यावरून दिसेल. आणि ही बाई रोज, आजारी नसतानाही, वेळ टाकून नोंद ठेवायची हे एकदा दिसलं की त्या रात्रीच्या वेळांवर विश्वास बसतो.

पोस्टमॉर्टेम नाही म्हणून केस मेली, असं नाही. मृत्यूचं कारणच माहीत नसेल तर अडचण येते. तुमच्याकडे सीटी स्कॅन आहे, दुसऱ्या हॉस्पिटलचं निदान आहे, मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण आहे.

पण एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगायला हवी. ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा होणं किंवा पित्त गळणं हा या शस्त्रक्रियेतला माहीत असलेला धोका आहे. तो चांगल्या, काळजीपूर्वक काम करणाऱ्या सर्जनच्या हातूनही होऊ शकतो. तेवढ्यावर तुम्ही निष्काळजीपणा म्हणालात तर बहुधा हराल. कायदा विचारतो तो प्रश्न असा : त्या विद्याशाखेतल्या सर्वसाधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जे केलं असतं, ते इथे केलं गेलं का? ही कसोटी इंग्लंडमधल्या १९५७ च्या बोलम खटल्यातून आली आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हा तुमची तक्रार "नलिका कापली" यावर उभी करू नका. "गळती झाल्यावर संध्याकाळपासून लक्षणं दिसत असताना रात्रभर कुणी तपासलं नाही, तपासण्या केल्या नाहीत, आणि हलवायला उशीर केला" यावर उभी करा. अशा संसर्गात तासांना किंमत असते. मी कागद न बघता निकाल सांगू शकत नाही, कुणीच सांगू नये. पण प्रश्न कुठे आहे ते मला दिसतंय. तो ऑपरेशन थिएटरमध्ये नाही, रात्री अकरा ते सकाळी डॉक्टर येईपर्यंतच्या वेळेत आहे.

यासाठी दुसऱ्या सर्जनचं लेखी मत लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली व्ही. किशन राव यांच्या प्रकरणात सांगितलंय की प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत अनिवार्य नाही, चूक उघड दिसत असेल तर त्याशिवायही निकाल देता येतो. तुमची केस तेवढी उघड नाही, म्हणून मत घ्याच. डॉक्टर डॉक्टरविरुद्ध लिहायला कचरतात, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झालेले शल्यचिकित्सक गाठा, आणि त्यांना "चूक झाली असं लिहून द्या" म्हणू नका. "कागद वाचा आणि खरं काय वाटतं ते सांगा," एवढंच म्हणा. ते जर म्हणाले की यात काही वावगं नाही, तर तेही ऐकून घ्यायची तयारी ठेवा. तुम्हाला आईच्या त्या रात्रीचं उत्तर हवंय, आणि उत्तर कधी कधी आपल्या मनासारखं येत नाही. माणूस मिळालाच नाही तर आयोगाला अर्ज करून सरकारी रुग्णालयाच्या तज्ज्ञ समितीचं मत मागवता येतं.

भावाबद्दल आता. मला वाटतं तुमच्या पत्रातला खरा अडसर कोर्टाची पायरी नाहीच, ती सही आहे. "आपणच लिहून दिलंय" हे वाक्य ज्याच्या तोंडून एकदाच निघतं, त्याच्या मनात ते रोज चालू असतं. बाकावर तो बसला होता, सही त्याची होती. त्याला हे उत्तर वाचायला द्या.

दादा, तुमच्यासाठी लिहिते. संमतीपत्रावर सही म्हणजे "हे ऑपरेशन करा, त्यातले धोके मला समजले" एवढंच. "नंतर लक्ष दिलं नाहीत तरी चालेल" असं कुणी लिहून देत नाही, आणि छापील फॉर्मवर तसं काही लिहिलेलं असलं तरी त्याने निष्काळजीपणाची जबाबदारी पुसली जात नाही. उलट ती सही तुमच्याकडून का घेतली, हा प्रश्न हॉस्पिटलला विचारता येतो. आई शुद्धीत होत्या, सज्ञान होत्या, चालत आत गेल्या होत्या. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सज्ञान रुग्ण निर्णय घेऊ शकत असेल तर संमती त्याचीच हवी, आणि तीही पुरेशी माहिती देऊन घेतलेली. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईकडून घेतलेली संमती न्यायालयाने मानली नाही. तेव्हा ती सही तुमच्या गळ्यात अडकवून फिरू नका. तुम्हाला कागद पुढे केला, तुम्ही विश्वासाने सही केलीत. तुमच्या जागी कुणीही केली असती.

तक्रार कुठे करायची? खाजगी हॉस्पिटलची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात ठरवलं. बिल विमा कंपनीने भरलं असलं तरी फरक पडत नाही. ग्राहक मरण पावला तर त्याचे वारस तक्रार करू शकतात, म्हणजे तुम्ही दोघं. भावाची सही मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी तुमचा हक्क जात नाही. हॉस्पिटलला दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असेल, आणि ती असणारच, तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. भरपाई किती मागता यावर ते ठरत नाही. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली : तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही, पण वैद्यकीय प्रकरणात लावा. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि फार थोड्या बायका तो वापरतात.

सोबत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही तक्रार करता येते. कौन्सिल भरपाई देत नाही, पण डॉक्टरला ताकीद देऊ शकते, ठराविक काळासाठी किंवा कायमचं नाव नोंदवहीतून काढू शकते. पुन्हा कुणाच्या आईवर ही वेळ येऊ नये, असं तुमच्या मनात असेल तर ही तक्रार त्यासाठी आहे.

पोलिसांत जायचं का? माझं मत, आत्ता नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी साधा निष्काळजीपणा पुरत नाही, तो घोर स्वरूपाचा हवा, आणि गुन्हा पुढे नेण्याआधी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत घ्यावं. त्या डॉक्टरने "घोर नाही" म्हटलं की तोच कागद हॉस्पिटल ग्राहक आयोगापुढे फडकवतं.

मावसभावाला मात्र आजच आवरा. महाराष्ट्रात रुग्णालयात हिंसा किंवा तोडफोड करणं हा २०१० च्या खास कायद्याने अजामीनपात्र गुन्हा आहे. आणि समजा कायदा नसता, तरीही त्या वॉर्डात त्या दिवशी कुणाची तरी आई झोपलेली असेल. समाजमाध्यमांवर हॉस्पिटलचं नाव घेऊन लिहिण्याचा मोहही टाळा, बदनामीचा दावा अंगावर येतो आणि तुमची केस बाजूला राहते.

भरपाईबद्दल त्या बाई जे बोलल्या ते मला फार लागलं. दिवाणी कायद्याला माणूस परत आणता येत नाही, तो फक्त रक्कम ठरवू शकतो. ती रक्कम म्हणजे आईची किंमत नव्हे, जबाबदारी कुणाची होती याची नोंद आहे. डॉक्टरांचा व्यावसायिक विमा बहुतेक वेळा असतो आणि पैसे बऱ्याचदा विमा कंपनीच देते. ते घ्यावेत, न घ्यावेत, कुठे द्यावेत, हे नंतर तुम्ही दोघं ठरवा. पण मागताना संकोचू नका. आणि तक्रारीत "मृत व्यक्ती : वय ६४, गृहिणी" एवढंच लिहू देऊ नका. मी अशा तक्रारी खूप वाचल्यात, आणि तो शब्द वाचला की प्रत्येक वेळी मला राग येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली लता वाधवा प्रकरणात गृहिणींच्या कामाचं पैशात मोल धरलं, २०२१ च्या कीर्ती प्रकरणातही घरकाम म्हणजे बिनकामाचं, ही समजूत खोडून काढली. तुमच्या आई तर कमावत्या होत्या. त्या वहीतली गिऱ्हाइकं, तारखा, शिलाई, सगळं त्यात जोडा. आईविषयीचा हा परिच्छेद तुम्ही स्वतः लिहा, वकिलावर सोडू नका. तो माझ्यासारख्या वकिलाला जमत नाही.

किती वर्षं लागतील, तेही आधीच सांगते. कायद्यात काही महिन्यांची मुदत आहे, प्रत्यक्षात वर्षं जातात. रत्नागिरी जिल्ह्यात १९५३ साली अपघातात मांडीचं हाड मोडलेल्या एका तरुणाचा उपचारादरम्यान मृत्यू झाला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी पुण्याच्या सर्जनविरुद्ध दावा लावला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ साली आला. डॉक्टरची रुग्णाप्रती कर्तव्यं कोणती, हे सांगताना आजही वकील त्याच निकालाचा, जोशी विरुद्ध गोडबोले, आधार घेतात. उपचारांतल्या निष्काळजीपणामुळे अनुराधा साहा १९९८ साली गेल्या, त्यांच्या पतीला पावणेसहा कोटींहून अधिक भरपाईचा निकाल २०१३ साली मिळाला. सगळ्यांना इतकी वर्षं लागत नाहीत, पण हे माहीत असू द्या आणि मग ठरवा.

तुमचा तिसरा प्रश्न माझ्या कामाचा नाही असं तुम्ही म्हणता. तो माझ्या टेबलावर रोज येतो. केस शेवटच्या दिवसांचीच असते. त्यातले तास, मिनिटं, तक्ते तुम्हाला तोंडपाठ होतील, आणि हो, काही काळ ते वाढेल. म्हणून मी अशिलांना एक सांगते : केसचे कागद घरात एकाच जागी ठेवा आणि ठरावीक दिवशीच उघडा. फोनमधले हॉस्पिटलचे फोटो त्या फाइलसोबत पेन ड्राइव्हवर टाका आणि फोनमधून काढा. आणि त्या परिच्छेदासाठी आईची माहिती गोळा करायला तिच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे जा. ज्यांची मापं त्या वहीत आहेत, त्या बायकांना विचारा. तुम्हाला माहीत नसलेली आई त्यांना माहीत असेल : उधारी कशी वसूल करायची, कुणाला शिलाई न घेता शिवून दिलं, कुणाला मशीन चालवायला शिकवलं. केससाठी म्हणून गोळा केलेलं हे सगळं केसला थोडंच लागेल, उरलेलं तुमचं. आणि रात्री झोप लागत नसेल, कामात लक्ष लागत नसेल, दीड वर्षानंतरही तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. त्यात कमीपणा नाही आणि त्याने केस कमकुवतही होत नाही.

प्रश्न : माझे वडील सरकारी रुग्णालयात वारले. सगळे उपचार मोफत होते. हलगर्जीपणा झाला असं वाटतं. वकील म्हणाले, मोफत उपचार असतील तर ग्राहक कोर्टात जाता येत नाही. मग गरिबाने जायचं कुठे?

उत्तर : वकिलांनी बरोबर सांगितलं, पण अर्धं. जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते, ते रुग्णालय ग्राहक कायद्याच्या बाहेर राहतं. जिथे काहींकडून पैसे घेतात आणि काहींना मोफत देतात, तिथला मोफत रुग्णही १९९५ च्या त्याच निकालानुसार ग्राहक ठरतो. त्यामुळे आधी त्या रुग्णालयात पैसे भरून घेण्याचे विभाग आहेत का, ते तपासा.

नसतील तर दिवाणी न्यायालयाचा मार्ग आहे. १८५५ च्या जीवघेणे अपघात कायद्याखाली मृत्यूपासून दोन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि सरकारविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. हे दोन महिने धरूनच हिशेब करा. मेडिकल कौन्सिलकडे जायला उपचार मोफत होते की नव्हते, याचा संबंध नाही. कागदांसाठी तुमच्याकडे खाजगी रुग्णाकडे नसलेलं एक हत्यार आहे, माहितीचा अधिकार. २००५ च्या त्या कायद्याखाली जन माहिती अधिकाऱ्याकडे केस पेपरच्या साक्षांकित प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर त्याच रुग्णालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा. वडिलांचा नोंदणी क्रमांक आणि दाखल केल्याची तारीख अर्जात लिहायला विसरू नका, नाहीतर "रेकॉर्ड सापडत नाही" म्हणून परत पाठवतात.